ज्वारीत ठेवलेला स्फटिक

सोमवारी सकाळी खालचा ओठ फुटला. हवामान खातं काय म्हणतं ते मी कार्यालयात रोज वाचते, पण मी संशोधन करायची तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत हा कोरडा हंगाम ओठांवरून ठरायचा. रहीमचाचा, आमचे परिचर, एके दिवशी दार उघडताना ओठांना खोबरेल चोळत दिसायचे आणि म्हणायचे, "मॅडम, हवा सूख गई. अब लगाव तुम्हारे दाने." दाणे म्हणजे स्फटिक. पावसाळाभर हवेत ओल असायची, बाटल्यांत नुसता चिकट गोळा उरायचा. दसरा गेला, दुपारची तलखी सावलीपुरती मोडली, की आम्ही खिडक्यांच्या कट्ट्यावर बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या मांडायला लागायचो. त्यांना व्हायल म्हणत. तोंडाला चांदीचा कागद, त्याला सुईनं पाडलेली दोन-तीन भोकं, आत हिरवं पाणी. मग वाट बघायची.

हर्सूलच्या रस्त्यावर सीताफळांच्या हातगाड्या लागल्या आहेत. घरी आईनं नेहमीप्रमाणे चार कच्ची फळं तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली आहेत. लहानपणी मी रोज शाळेतून आले की डब्यात हात घालून एकेक फळ दाबून पाहायची. आई म्हणायची, "दाबून पिकत नाही ते, काळं पडतं." मी आता चाळिशीच्या जवळ आले. या मंगळवारीही दोन दाबून पाहिली.

सोमवारीच दुपारी माझ्या टेबलावर एक बातमी आली. मी इथल्या एका दैनिकात उपसंपादक आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासणं, चुकीचं काढणं आणि उरलेल्याला मथळा देणं हे माझं काम. बातमीचा मथळा वार्ताहरानंच घालून पाठवला होता: 'कर्करोगावर रामबाण औषध शोधले; विद्यापीठातील संशोधिकेचे यश'. संशोधिकेचं नाव सविता. सोबत तिचा फोटो होता, पांढऱ्या कोटात, हातात व्हायल धरलेली. मी ती बातमी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा बातमी म्हणून. दुसऱ्यांदा चुका शोधायला. तिसऱ्यांदा कशासाठी, ते सांगायला त्या वर्षीचा दाण्यांचा हंगाम सांगावा लागेल.

सविता आणि मी पीएचडीला एकाच सरांकडे होतो. विषय धातूंच्या संयुगांचा. प्लॅटिनमचं एक औषध कित्येक दशकं कर्करोगावर दिलं जातं. केमोच्या सलाइनमधून ते आजही अनेकांच्या शिरेत उतरतं. ते गाठीवर काम करतं आणि मूत्रपिंडालाही त्रास देतं. काहींच्या कानात आवाज सुरू होतो तो थांबत नाही. काही गाठी त्याला दाद देईनाशा होतात. म्हणून जगभर लोक दुसरे धातू धरून पाहतात. रुथेनियम, सोनं, तांबं. आमच्याकडे तांबं होतं. ते परवडायचं, आणि आमच्यापैकी प्रत्येकाच्या देवघरात त्याची ओळख होती.

काम दिसायला साधं. एक सेंद्रिय पदार्थ आधी तयार करायचा, तो पिवळा. तो मिथेनॉलमध्ये विरघळवायचा आणि त्यात तांब्याच्या क्षाराचं निळं द्रावण थेंब थेंब सोडायचं. पिवळ्यात निळं पडलं की हिरवं उठायचं. कधी कैरीच्या सालीचं हिरवं, कधी विहिरीच्या कडेच्या शेवाळाचं. खाली भुकटी बसायची, प्रयोगशाळाभर व्हिनेगरसारखा वास राहायचा, आणि तो वास माझ्या ओढणीला धुऊनही यायचा. पण भुकटी म्हणजे पुरावा नाही. आत तांब्याला कोण कुठून धरून बसलं आहे हे दाखवायचं तर एकसंध दाणा लागतो. बारीक मिठाच्या खड्याएवढा असला तरी चालतो, आतून मात्र एकसारखा हवा. त्याच्यावर क्ष-किरण टाकले की रेणूचा नकाशा मिळतो. ज्याला दाणा आला त्याचा शोधनिबंध, ज्याचा निबंध त्याची पुढची शिष्यवृत्ती. इतकं सरळ होतं.

सविता वेरूळच्या पुढच्या एका वस्तीवरून आलेली. वडिलांची मेंढरं, थोडं कोरडवाहू रान, घरी दोन म्हशी. मी शहरातली. वडील नोकरीत, गावची शेती वाट्यानं दिलेली. बी.एस्सी.ला मी तिच्या पुढे होते, एम.एस्सी.लाही होते. हे इथे लिहिते आहे, कारण त्या काळात मी ते रोज मनात लिहायची.

तिची वही फाटकी होती आणि इंग्रजी अडखळतं. पण तिनं धुतलेल्या काचेवर थेंब राहत नसे. चुंबकाची कांडी भांड्यात फिरते, तिच्या आवाजावरून ती पलीकडच्या टेबलावरून सांगायची, "घट्ट झालंय तुझं, मिथेनॉल घाल." मी उठून पाहायची. घट्ट झालेलं असायचं. मी मिथेनॉल घालायची नाही, पाच मिनिटं थांबायची, मग घालायची, म्हणजे ते माझं मला सुचल्यासारखं दिसे. ती थेंब सोडायची तेव्हा तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूची शीर हलायची नाही. तिच्या उजव्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण होती. चहा ती बशीत ओतून प्यायची आणि बशी उलटी ठेवायची. इतक्या वर्षांनी मला माझ्या स्वतःच्या त्या वेळच्या हातांबद्दल काहीच आठवत नाही. मैत्री माणसाकडे सैल नजरेनं बघते, अर्धं सोडून देते. हेवा काही सोडत नाही. पुढे वर्तमानपत्रात आल्यावर नजर नेमकी असल्याबद्दल माझं कौतुक झालं. ती मी कुठे कमावली हे कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतर ती गावाहून येताना बिस्किटांचा पत्र्याचा मोठा चौकोनी डबा घेऊन आली. झाकण काढलं तर आत काठोकाठ ज्वारी.

"हे काय गं? दळायला आणलीस?" मी विचारलं.

"व्हायली ठेवायला."

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "सविता, भाकरी कधी मग?"

"हासा," ती म्हणाली. तिनं एक व्हायल ज्वारीत मानेपर्यंत हळूहळू उतरवली, आजूबाजूचे दाणे बोटांनी सारखे केले. "आई तूप कढवती ना, तवा बरणी ज्वारीत पुरती. लई हळू निवतं मग. रवा पडतो असा." तिनं चिमूट दाखवली. "वाऱ्याला ठेवलं की चिकट व्हतं. आन् मधीच हलवलं की बारीक पडतं, पिठावानी. तूप निवताना घरात कुणी त्या कोपऱ्यात जातसुदिक नाय."

"अगं, हे कॉपर कॉम्प्लेक्स आहे. तूप नाही."

"निवायचं तर त्यालाबी हाय का नाय?"

रहीमचाचा दारात उभे होते. ते म्हणाले, "हसू नक्को. दाने में बैठकोच दाना बनता."

मी पुस्तक काढून बसले. पुस्तकात लिहिलं होतं की तापमान हळूहळू उतरू द्यावं, धक्का लागू देऊ नये, वारंवार पाहू नये. म्हणजे तिची आई म्हणत होती तेच, फक्त ज्वारीचा उल्लेख नव्हता. मी पुस्तक मिटलं. तिला सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी सरांनी सगळ्यांना बोलावलं. हैदराबादला त्यांच्या ओळखीच्या ठिकाणी क्ष-किरणांचं यंत्र होतं. सुट्टीनंतरच्या आठवड्यात तिथली एक दुपार आमच्यासाठी मोकळी ठेवली होती. "एकच नमुना होईल," सर म्हणाले. "ज्याचा दाणा चांगला असेल, तो माझ्याबरोबर येईल. बाकीच्यांना पुढच्या वर्षी बघू." त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. मी मात्र खोलीतल्या सगळ्यांची नजर पाहिली. ती ज्वारीच्या डब्याकडे गेली होती.

सविता सुट्टीला गावी निघाली. जाताना तिनं डब्यातली ज्वारी तळव्यानं सपाट केली, झाकण अलगद टेकवलं आणि म्हणाली, "तू येणारेस ना हितं मधी? डब्याला कुणाला हात लावू देऊ नको."

"मी कशाला लावू देते."

सुट्टीतली प्रयोगशाळा मी नंतर कधी विसरले नाही. चावी माझ्याकडे, पंखे बंद. बाहेर वाळलेल्या पानांचा एकसारखा आवाज, मागे डोंगर उन्हात पिवळा पडलेला. दिवाळीत घरी चकलीचा वास, इथे व्हिनेगरचा. आईला मी सांगितलं होतं की प्रयोग सोडता येत नाही. माझी व्हायल खिडकीत होती, तिच्यात काहीही चाललेलं नव्हतं, सोडून जाण्यात काहीच अडचण नव्हती. अकरा वाजता जायची, चारला परत यायची. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी डब्याचं झाकण उचललं.

ज्वारीत दोन बोटं घातली. वरचे दाणे कोमट, खालचे गार. व्हायल वर काढली. आत स्वच्छ हिरवं पाणी, बाकी काही नाही. मला बरं वाटलं. परत खुपसून ठेवली.

भाऊबीजेला दुपारी पुन्हा काढली. पाण्याच्या रेषेखाली, काचेला धरून चार दाणे बसले होते. सुईच्या टोकाएवढे, पण कडा असलेले. हिरवे म्हणावे तर काळपट, उजेडात धरले की आतून कोवळे. तोवर मी इतका नीट बसलेला दाणा आमच्यापैकी कुणाच्या बाटलीत पाहिला नव्हता. माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. मी ती बाटली खिडकीपाशी नेली. फिरवली. तिरकी केली. उलट्या बाजूनं पाहिली. बराच वेळ पाहिलं. फोडली असती तर काहीतरी केलं असं झालं असतं. मी तर फक्त बघत होते. पुस्तकातलं ते वाक्य मला तेव्हाही आठवत होतं, 'वारंवार पाहू नये'.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा काढली. तळाशी हिरवं पीठ पडलं होतं. चार दाणे त्यात कुठे होते ते सापडले नाहीत. मी बाटली होती तशी पुरली, ज्वारी तळव्यानं सपाट केली, झाकण टेकवलं, हात धुतले. हात धुवायचं कारण नव्हतं. ज्वारी स्वच्छ होती.

त्याच आठवड्यात माझ्या खिडकीतल्या बाटलीत दाणे उतरले. मोठे, चकचकीत, निळसर हिरवे, दुरून कुणालाही दिसावेत असे. मी ते घरी येऊन आईला सांगितलं, वडिलांना सांगितलं, फराळाला आलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे आता कॅन्सरचं औषध निघणार म्हणायचं!" मी नाही म्हटलं नाही.

सविता परत आली. डबा उघडला. ती आधी व्हायलकडे नाही, ज्वारीकडे पाहत राहिली. मला ते तेव्हा विचित्र वाटलं. मग तिनं बाटली काढली, उजेडाला धरली, खाली ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"बारीक पडलं."

"अरेरे."

"व्हतं असं कधी." तिनं माझ्या खिडकीकडे पाहिलं. "तुझं लई भारी आलंय की." जवळ गेली, वाकली, हात न लावता बघत राहिली. "जरा जास्तीच निळं वाटतंय पण. बघून घे एकदा."

हिला पोटात दुखतंय, असं मला वाटलं. मला मनापासून आनंद झाला. त्या हंगामातला तेवढा एकच निखळ आनंद मला आठवतो.

हैदराबादला मी गेले. थंड खोली, काळा पडदा असलेलं यंत्र, ते चालवणारा शांत माणूस. त्यानं माझ्या दाण्यांतला एक केसाएवढ्या काडीच्या टोकावर चिकटवला, सूक्ष्मदर्शकातून पाहून म्हणाला, "व्हेरी नाइस क्रिस्टल." सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. यंत्र सुरू झालं. चहा येईपर्यंत त्या माणसानं पडद्यावरचे आकडे जुन्या नोंदींशी ताडून पाहिले आणि जरा संकोचून म्हणाला, "मॅडम, हे कॉपर अॅसिटेट आहे."

कॉपर अॅसिटेट म्हणजे आम्ही सुरुवातीला घालतो तो तांब्याचा क्षार. बाटलीवर नाव छापून विकत मिळतो. माझं हिरवं संयुग झालंच नव्हतं, किंवा झालं होतं ते बाजूला राहून जास्तीचा क्षार तेवढा दाणे धरून बसला होता. जगभर ज्याचा नकाशा माहीत आहे त्याचा मी आणखी एक नकाशा काढायला आले होते. सरांनी परतीच्या वाटेवर फक्त एकदा विचारलं, "रंग नव्हता का बघितला?"

रंग मी पाहिला होता. सवितानं तो सांगितलाही होता.

रहीमचाचांनी ऐकून घेतलं, कपाटातली क्षाराची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "लाव मॅडम, इसमेच डाल देव. घर का माल घर में." सगळे हसले, मीही हसले. सविता हसली नाही. त्याचाही मला राग आला.

त्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी अर्ज मागवले तेव्हा तिच्याकडे दाखवायला नकाशा नव्हता. तिचा अर्ज मागे पडला. पुढच्या हंगामात तिला दाणा आला, ज्वारीतच. तोवर मी प्रयोगशाळा सोडून वर्तमानपत्रात लागले होते. लोकांना मी सांगायची की मला लिहिण्याची आवड होती.

आता पुन्हा या सोमवारकडे. संध्याकाळच्या बैठकीत वृत्तसंपादक म्हणाले, "पहिल्या पानावर घेऊ. आपल्या गावची पोरगी. मेंढपाळाच्या घरातली. अजून काय पाहिजे?"

मी म्हटलं, "माणसांवर चाचणी नाही. उंदरांवरही नाही. काचेच्या ताटलीतल्या पेशींवर आहे."

"पण मेल्या ना पेशी?"

"ताटलीत फिनेल ओतलं तरी मरतील."

"मॅडम, तुम्ही लई कोरड्या राव." पण त्यांनी बातमी माझ्याकडे सरकवली. "करा तुमच्या मनासारखं. तुमच्याच खात्यातलं आहे."

मी केलं. 'रामबाण' काढला. 'औषध शोधले' काढून 'संयुगाची प्राथमिक चाचणी' केलं. 'लवकरच रुग्णांना उपलब्ध' हे वाक्य पूर्ण काढलं आणि त्याजागी लिहिलं की हे औषध नाही, होईल की नाही हे आज सांगता येत नाही, रुग्णांनी चालू उपचार थांबवू नयेत. फोटो वगळला. आतल्या पानावर एक कॉलम दिला. प्रत्येक दुरुस्ती बरोबर होती, कुणाहीसमोर टिकली असती. अडचण तीच होती. करताना मला जे सुख होत होतं ते दुरुस्तीच्या मापाचं नव्हतं. भाऊबीजेच्या दुपारी व्हायल उजेडाला धरताना झालं होतं, त्या जातीचं होतं.

आणि एक वाक्य खरं असूनही मी काढलं. 'या कामामागे त्यांची अनेक वर्षांची चिकाटी आहे.' जागा नव्हती, असं म्हणता येईल. जागा होती. तिथे मी कोणत्या वॉर्डात कधी पाणी येणार याच्या दोन ओळी घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका वर्तमानपत्रात तीच बातमी पहिल्या पानावर होती, सविताच्या फोटोसह, रामबाणासह. मी ते पान घडी घालून बाजूला ठेवलं. दुपारी फोन वाजला. आम्ही बोलून कितीतरी वर्षं झाली होती. तिनं नमस्कार वगैरे काही केला नाही.

"तुझीच का गं ती बारकी बातमी?"

मी म्हटलं, "हो." पुढचं काय येईल त्याची तयारी करून बसले.

"लई बरं केलंस."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"अगं, सकाळी लॅबचं दार उघडायला आले तर पायरीवर एक बाबा बसलेला. गंगापूरकडचा. पहिल्या गाडीनं आलेला. मांडीवर बायकोची फाईल, आन् ते दुसरं वर्तमानपत्र. म्हणला, मॅडम, आज तिची केमो हाय दवाखान्यात, पण मी तिला सांगितलं, नको जाऊ, तांब्याचं औषध निघालंय, तेच आणतो. बाई पाहुण्याकडं बसलेली, हितं शहरातच. दवाखान्याला गेलीच नाय."

"मग?"

"मग काय, मी सांगती औषध नाय म्हणून, तर त्याला पटंना. म्हणला, तुम्ही मोठ्या लोकास्नीच देत असाल, वशिला लागतो का? पाया पडायला लागला. मला काय करावं सुचंना. मग लॅबमधल्या एका पोरीनं तुझी बातमी काढली. ती वाचून दाखवली त्याला. दोनदा वाचली. हे औषध नाही. चालू उपचार थांबवू नयेत. छापलेलं हाय म्हणल्यावर ऐकलं बग. आपल्या तोंडाचं खोटं वाटतं, छापलेलं खरं वाटतं. कात्रण मागून घेतलं, फाईलमधी घातलं. आमच्या एका सरांनी गाडीवरून सोडलं त्याला. आत्ता फोन आला, लागली म्हणं सलाइन."

सलाइनमध्ये कोणतं औषध होतं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. प्लॅटिनमचंही असू शकेल. एका अनोळखी बाईच्या शिरेत त्या दुपारी जे उतरत होतं, त्यात माझ्या एका कॉलमचा हात होता. मला चांगलं वाटायला हवं होतं. मला वाटलं ते असं: मी सविताला लहान करायला जे छापलं, तेही हिच्या हातात गेल्यावर कामाला आलं. माझा क्षारसुद्धा हिच्या व्हायलमध्ये दाणा झाला असता.

"सविता," मी म्हटलं, "मी ते काही तुझ्यासाठी…"

"माहीत हाय की."

"काय माहीत आहे?"

"ज्वारीचं."

बाहेर कुणीतरी छपाईच्या कागदाचा गठ्ठा ओढत नेत होतं.

"मी जाताना ज्वारीवर बोटानं रेघ मारून गेले व्हते," ती म्हणाली. "झाकण टेकवता टेकवता, कुणाला दिसू नये अशी बारीक. आई तुपाच्या बरणीला मारती तशी, पोरं बरणी काढत्यात का बघायला. आले तर रेघ नव्हती. आन् चावी त्या सुट्टीत तुझ्याकडंच व्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून दाणा येणार व्हता?" ती म्हणाली, "राग आला व्हता. वरीसभर व्हता. शिष्यवृत्ती गेली तवा तर लई. मग पुढच्या साली दाणा आला, आन् तू नव्हतीस. दाखवायला कुणीच नव्हतं तसं बघणारं." मग ती हसली. "आई म्हणती, तुपाला नजर लागत नाय, हात लागतो. बघणाऱ्यानं हात खिशात ठेवावा, बास. ये की एकदा. नवीन लावल्यात."

मी तिला त्या काढलेल्या वाक्याबद्दल सांगितलं नाही. तो कबुलीचा भाग मी इथे छापते आहे, कारण छापलेलं खरं वाटतं.

आज दुपारी गेले. रहीमचाचा निवृत्त झाले आहेत. पायऱ्या त्याच, वास तोच. खिडकीच्या कट्ट्यावर तिच्या विद्यार्थिनींचे सात-आठ डबे ओळीनं मांडलेले, प्रत्येकात ज्वारी, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. आता कुणी हसत नाही, ही इथली पद्धत झाली आहे. सविताचे केस पुढून पांढरे झाले आहेत. तिनं मला चहा दिला, स्वतः बशीत ओतून घेतला, संपल्यावर बशी उलटी ठेवली.

मग आपल्या डब्यातून एक व्हायल काढून माझ्या तळव्यावर ठेवली आणि विद्यार्थिनीनं हाक मारली म्हणून बाहेर गेली. मुद्दाम गेली की खरंच हाक आली होती, मला कळलं नाही.

दाणा एकच होता. काळपट हिरवा, कडा नीट, उजेडात धरला की आतून कोवळा. ताटलीतल्या पेशींच्या पुढे तो जाईल की नाही, हे कुणाला माहीत नाही. यांतले बहुतेक जात नाहीत. त्याला मी औषध म्हणणार नाही, उद्याही छापू देणार नाही. पण इतका नीट दाणा मी आयुष्यात करू शकले नाही, आणि ते पाहून तोंडात आंबट पाणी अजून येतं. या वयात ते कमी झालं असेल अशी माझी समजूत होती.

मी बाटली तिरकी केली नाही. परत ज्वारीत उतरवली, वरचे दाणे कोमट, खालचे गार, होती तितक्याच खोल. तळव्यानं वर सपाट केलं. मग बोटानं एक रेघ ओढली, ती येईल तेव्हा तिला दिसावी म्हणून.

शेजारच्या तिच्याच दुसऱ्या डब्यात, ज्वारीवर तिच्या हातची रेघ होती. माझी तेवढी सरळ आली नाही.